हाडकुळ्या घोड्याची रेघ

आपल्याकडे पेन्सिलने काढलेल्या चित्राला कुणी चित्र म्हणत नाही. 'स्केच' म्हणतात. म्हणजे अजून पुरे व्हायचे आहे असे काहीतरी. मुरुमपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही शाळेतल्या चित्रप्रदर्शनात जा, रंगीत चित्रे दारासमोरच्या भिंतीवर असतात आणि पेन्सिलची चित्रे कोपऱ्यातल्या टेबलावर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर डस्टर ठेवलेली. पालक ती उचलून बघतात, "छान आहे, आता रंग भर" म्हणतात आणि पुढे जातात. त्या चित्रात काही अर्थ दडलेला असेल, एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या रूपाने सांगितलेली असेल, तर ती बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे असे का झाले, याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा एका घोड्याकडे येऊन थांबतो. हा घोडा आपल्याच दखनचा आहे. विजापूरचा. वय सुमारे चारशे वर्षे. सध्या त्याचा मुक्काम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाने त्याचा काळ सुमारे १६२५ असा दिला आहे आणि नाव दिले आहे ते साधेच, हाडकुळा घोडा आणि स्वार. काढणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही.

१६२५ म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे. तो १५८० मध्ये लहान वयात तख्तावर बसला आणि १६२७ मध्ये वारला. मुरुमच्या माणसाला हा बादशहा परका नाही, फक्त तो आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. शाळेची पहिली सहल नळदुर्गला जाते. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर आणि मादी धबधबे, हे सगळे त्याच्याच काळातले, १६१३ चे. आम्ही मुले तिथे डबे खायचो, किल्ला कुणी कुणाकडून कधी घेतला याच्या सनावळ्या पाठ करायचो आणि परत यायचो. हा बंधारा बांधवणारा माणूस दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' नावाचे गाण्यांचे पुस्तक लिहीत होता, त्यात सरस्वतीलाही वंदन करत होता आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराजांनाही, आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव ठेवले होते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. त्याच्या दरबारात चित्रकार होते हेही नाही. आदिलशाही म्हटले की आपल्याला तलवारी आठवतात. तिच्याकडे लेखण्याही होत्या.

आता घोडा बघू.

बरगड्या मोजता येतील इतका तो वाळलेला आहे. पाठीचा कणा वर आलेला, मांड्यांचे मांस गेलेले, गुडघे मात्र मोठे दिसतात, कारण बाकीचे सगळे लहान झाले आहे. उपाशी जनावर ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हे गुडघे लगेच ओळखू येतात. आणि या मरतुकड्या जनावराच्या अंगावर रंग भरलेला नाही. तिथे आहे अबरी. अबरी म्हणजे ढगाळ नक्षीचा कागद. फारसीत अब्र म्हणजे ढग. जुन्या वह्यांच्या आणि किताबांच्या पुठ्ठ्यांना आतून जो लाटालाटांचा कागद लावलेला असे, तो या घराण्यातलाच.

अबरी करायची रीत मोठी गमतीची आहे. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात चिकटपणा आणायचा. त्यासाठी मेथीदाण्यांचा लगदा वापरत, आपल्या घरातली रोजची मेथी. त्या दाट पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे. ते बुडत नाहीत, पसरतात. काडीने किंवा फणीने त्यांना हलकेच ओढले की लाटा उठतात, भोवरे होतात. मग वरून कागद अलगद टेकवायचा आणि उचलायचा. जे उमटले ते उमटले. तीच नक्षी दुसऱ्यांदा हुबेहूब काढता येत नाही. विजापूरच्या कारागिरांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. कागदाचा जो भाग कोरा ठेवायचा तो डिंकाने किंवा कापलेल्या कागदाने झाकून घ्यायचा आणि उरलेल्या आकारातच अबरी उमटवायची, असा अभ्यासकांचा कयास आहे. मग बारीक कलमाने, काळ्या शाईने, त्या ढगाळ आकाराला कड द्यायची, डोळा द्यायचा, बरगड्या द्यायच्या.

म्हणजे घोड्याचे कातडे पाण्याने ठरवले आणि हाडे माणसाने. अशी मोजकीच चित्रे आज जगात उरली आहेत. न्यूयॉर्कच्याच मॉर्गन लायब्ररीतल्या एका चित्रात उपाशी घोड्याला पक्षी छळताना दाखवले आहेत. एकाच विषयावर पुन्हा पुन्हा हात चालवला जात होता, म्हणजे हा कुणा एकाचा छंद नव्हता. बघणाऱ्यांना हा घोडा ओळखीचा होता.

कोण होता हा घोडा? सूफी परंपरेत वाढलेल्या वाचकाला फार सांगावे लागणार नाही. हा नफ्स आहे. माणसाच्या आतले ते जनावर, ज्याला सतत काहीतरी हवे असते. कुरआनात नफ्सचे तीन उल्लेख तीन ठिकाणी येतात. सूरह यूसुफमध्ये वाईटाकडे ओढणारा नफ्स, अम्मारा. सूरह कियामहमध्ये स्वतःलाच दोष देणारा, लव्वामा. आणि सूरह फज्रमध्ये शांत झालेला, मुत्मइन्ना. सूफींनी या तिघांना एका वाटेवरचे टप्पे मानले. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जायचे असेल तर जनावराचा खुराक तोडावा लागतो. कुणी नफ्सला कुत्रा म्हटले, कुणी गाढव. मौलाना रूमींच्या मसनवीत हजरत ईसांचे गाढव याच अर्थाने येते. घोडा हे त्यातले सर्वात अवघड रूपक. कुत्र्याला हाकलता येते. घोड्यावर मात्र तुम्ही बसलेले असता. त्याला मारून टाकले तर प्रवास संपला, माजू दिला तर तो नेईल तिकडे जावे लागते. म्हणून चित्रातला घोडा मेलेला नाही, वाळलेला आहे, आणि चालतो आहे.

हा विषय विजापुरात जन्मला असे मात्र म्हणता येणार नाही. तो इराणातून आला. अकबराच्या दरबारातला मोठा चित्रकार बसावन, त्याच्या नावावरही एका हाडकुळ्या घोड्याचे रेखाटन आहे, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये. आणि नजर आणखी लांब टाकली तर जर्मनीच्या न्यूरेंबर्ग शहरात १५०५ साली अल्ब्रेख्त ड्युरर नावाच्या चित्रकाराने कोळशाने एक चित्र काढले. डोक्यावर मुकुट, हातात विळा घेतलेला हाडांचा सापळा, आणि त्याच्याखाली तसाच खंगलेला घोडा. वर लॅटिनमध्ये दोन शब्द, अर्थ असा की माझी आठवण ठेव. शहरात तेव्हा प्लेगची साथ होती. ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रंगाचा एक थेंब त्यात नाही. ते अपुरे आहे, ड्युररने नंतर रंगवायला हवे होते, असे आजवर कुणी म्हटल्याचे मी वाचलेले नाही.

ड्युररचा घोडा आणि विजापूरचा घोडा शेजारी शेजारी ठेवून बघावेत. दोघांच्याही बरगड्या दिसतात, दोघेही खाली मान घालून चालल्यासारखे. पण ड्युररकडे घोड्यावर मरण बसले आहे आणि ते तुमच्याकडे येत आहे. विजापूरकडे घोड्यावर माणूस बसला आहे, आणि तो माणूस बघणारा स्वतःच आहे. एकात भीती आहे, दुसऱ्यात शिस्त. एकच हाडकुळे जनावर दोन संस्कृतींत दोन वेगळे अर्थ घेऊन उभे राहते, आणि दोन्हीकडे ते उभे राहते निव्वळ रेघेच्या जोरावर. वाळलेपण सांगायला रेघच लागते. रंगाने शरीर भरते; इथे तर भरायचेच नव्हते.

आता जो मूळ प्रश्न, की रेखाटनाला दर्जा होता का? होता, आणि वरचा होता. मोगल कारखान्यात एक चित्र अनेक हातांनी होत असे. अकबराच्या 'रज्मनामा'च्या, म्हणजे महाभारताच्या फारसी तर्जुम्याच्या पोथीत चित्रांखाली नोंदी आहेत: तरह अमुक, अमल तमुक. तरह म्हणजे रेखाटन, मांडणी. अमल म्हणजे रंगकाम. तरह उस्तादाकडे असे आणि अमल पुष्कळदा हाताखालच्याकडे. म्हणजे आपण आज जे 'कच्चे' समजतो ते थोरल्याचे काम होते आणि ज्याला 'पुरे करणे' म्हणतो ते धाकट्याचे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सुट्या पानांवर निव्वळ रेखाटने करून ती मुरक्क्यात, म्हणजे चित्रसंग्रहात, मानाने लावली जाऊ लागली. त्यांना नावेही होती. नुसत्या काळ्या शाईचे ते सियाह कलम. त्यावर कुठे कुठे फिका रंग, सोन्याचा हलका हात असेल तर नीम कलम, अर्धे कलम. नीम म्हणजे अर्धे, पण अर्धवट नव्हे. चित्रकाराने ठरवून तिथे हात थांबवलेला असे.

त्याच काळात इराणच्या काझी अहमदने 'गुलिस्तान-ए-हुनर' लिहिले. खुशनवीस आणि चित्रकार यांच्याविषयीचे ते पुस्तक. त्यात दोन कलमांची कल्पना मांडली आहे: एक कलम वनस्पतीचे, म्हणजे बोरूचे, आणि दुसरे प्राण्याचे, म्हणजे केसांच्या कुंचल्याचे. पहिले अक्षर लिहिते, दुसरे चित्र. दोन्ही कलमेच. अक्षरांना जो मान आहे त्यातला वाटा चित्राला मिळवून देण्याची ती युक्ती होती, आणि मला ती पटते. जो अलिफ काढू शकतो तोच घोड्याची पाठ काढू शकतो. उर्दू शिकताना आमचे हाफीजजी एक अलिफ पन्नास वेळा काढायला लावत. वरून खाली येताना कुठे दाब द्यायचा, कुठे सोडायचा. तेव्हा कंटाळा यायचा. विजापूरच्या घोड्याच्या पाठीवरून नजर फिरवताना तो दाब आणि ते सोडणे जसेच्या तसे दिसते.

मग पेन्सिल कुठून आली? ती नंतरची. दखनी चित्रकार पहिला आराखडा चिंचेच्या काडीच्या कोळशाने काढत, तो झटकला की पुसला जाई, मग कलमाने पक्की रेघ. पेन्सिलमधले ग्राफाइट इंग्लंडच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात सापडले. लोकांना ते शिसे वाटले. त्यात शिशाचा कणही नाही, तरी आपण आजतागायत 'शिसपेन्सिल' म्हणतो. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जॅक काँते याने ग्राफाइटची पूड मातीत मिसळून भाजायची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ आणि काळी. आज दुकानात मिळणाऱ्या एचबी, टूबी, सिक्सबी या त्याच हिशोबाच्या. आपल्याकडे ती रुजली इंग्रजी अंमलातल्या शाळांतून. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली, आणि रेखाटन हे शिक्षण झाले. समोरचा घडा, समोरचा पुतळा जसा आहे तसा उतरवायचा. हात तयार करायला ते चांगलेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून पेन्सिल म्हणजे तयारी, आणि चित्र म्हणजे तैलरंग, अशी उतरंड लागली. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देणाऱ्या मुलाला वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन एवढे येते. रूपक नावाचा पेपर नाही.

रूपक आपल्याला येत नाही असे मात्र समजू नका. या मातीत ते इतके मुरले आहे की दिसत नाही. दखनच्या सूफींनी बायकांसाठी चक्कीनामे लिहिले. दळताना म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांचा अभ्यास केला आहे. चक्कीचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अलिफ म्हणजे अल्लाह. मधली खीळ म्हणजे पैगंबर. बाई पहाटे जात्याला हात घालते तेव्हा तिच्या मुठीत अलिफ असतो! याच्याहून मोठे रेखाचित्र कोणते? आणि आमच्याच शेजारची मराठी बाई जी जात्यावरची ओवी म्हणते तिचे बघा. जनाबाईंच्या नावावरच्या जात्याच्या अभंगात खुंट्यांना जीव आणि शिव केले आहे. दोन्ही बायका एकाच गल्लीत राहत होत्या, एकाच जात्यावर दळत होत्या, कधी कधी तर समोरासमोर बसून. कुणी कुणाचे उचलले याचा वाद घालण्यात मला रस नाही.

श्रीगोंद्याचे शेख महंमद तर याच परंपरेचे. कादिरी सिलसिल्याशी नाते असलेला हा मुसलमान संत मराठीत ओव्या लिहितो आणि ग्रंथाला नाव देतो 'योगसंग्राम'. साधना म्हणजे लढाई, हे नावातच आले. त्यांचा काळ आणि विजापूरच्या घोड्याचा काळ जवळजवळ एकच. एकाने ओवीत जी लढाई मांडली ती दुसऱ्याने कागदावर. त्यांची कधी गाठ पडली असेल असे म्हणण्याला कसलाही आधार नाही. पण दोघांचे ऐकणारे आणि बघणारे एकाच दखनचे होते, हे खरे. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा, हे आपल्या गावातल्या अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही समजते. त्याच माणसासमोर पेन्सिलचे रूपकचित्र ठेवले की तो विचारतो, हे कशाचे चित्र आहे? कानाला जे येते ते डोळ्याला शिकवलेच गेले नाही.

इथे मला या घोड्याशी थोडे भांडायचेही आहे.

संग्रहालयाच्या पाटीवर नफ्सचा अर्थ लिहून झाला की विषय संपतो. पण मी मराठवाड्यातला आहे. इथे जनावराच्या बरगड्या दिसतात तेव्हा त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी १९७२ पाहिले, मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडली. आम्ही २०१३ पाहिले, २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिले, २०१९ च्या चारा छावण्या पाहिल्या. दावणीची जनावरे बाजारात कवडीमोलाने जाताना पाहिली. अशा माणसाला उपाशी घोडा दाखवून 'हे आत्म्याच्या शुद्धीचे प्रतीक' असे सांगितले तर त्याला राग आला पाहिजे. उपवास आणि उपासमार या दोन गोष्टी आहेत. रोजा धरणारा संध्याकाळी इफ्तार करतो; दुष्काळातल्या बैलाला मगरिबची अजान नसते.

आणि हे विजापूरला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? चित्र सुमारे १६२५ चे. पाचच वर्षांनी, १६३० ते १६३२, गुजरात आणि दखनवर जो दुष्काळ कोसळला तो मोगल बखरकारांनी आणि परदेशी प्रवाशांनी दोघांनीही नोंदवून ठेवला आहे. गावे ओस पडली होती. अशा मुलखात हाडकुळा घोडा काढणाऱ्या चित्रकाराने खरा हाडकुळा घोडा बघितलेला असणारच. ते गुडघे कल्पनेतून येत नाहीत. माझे मत असे की रूपक आणि खरे जनावर ही दोन्ही त्या रेघेत एकत्र आहेत. चांगल्या रूपकात मूळ वस्तू विरघळून जात नाही. नफ्सचा अर्थ बाजूला ठेवला तरी घोडा उपाशीच राहतो, आणि त्याच्यावर बसलेला माणूस मग थोडा संशयास्पद वाटू लागतो.

माझ्या एका भाच्याने दोन वर्षांपूर्वी पेन्सिलने एक चित्र काढले. आडवा बसलेला बैल, आणि त्याच्या बरगड्या पुढे सरकत सरकत नांगरटीच्या तासा होतात. पोट संपते कुठे आणि रान सुरू होते कुठे, हे ठरवता येत नाही. एका स्पर्धेत ते परत आले, शेरा होता: रंगसंगती नाही. तो मला म्हणाला, "मामू, इसमें रंग कायकू भरना? रंग भरे तो रान हरा करना पडता ना." मी त्याला विजापूरचा घोडा फोनवर दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: याला पेन्सिल मिळाली असती तर त्याने बरगड्यांची रेघ इतकी एकसारखी काढली असती का? प्रश्न बरोबर होता. कलमाची शाई एकदा लागली की लागली. पेन्सिल मात्र दाबता येते, हलकी सोडता येते, बोटाने पसरवता येते. करडेपणाच्या दहा पायऱ्या तिच्यात आहेत. दुष्काळाचा रंग तरी दुसरा कोणता असतो?

आता राहिला तो प्रश्न, जो आमच्या घरांत नेहमी निघतो. तस्वीर जायज आहे का? हदीसमध्ये चित्र काढणाऱ्यांना कयामतीच्या दिवशी सांगितले जाईल की जे बनवले त्यात आता जीव फुंका, असे येते. यावर उलेमांत मतभेद जुने आहेत आणि मी फतवा द्यायला बसलेलो नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इतकेच दिसते की विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, दिल्ली, इस्फहान, हेरात, सगळीकडे मुसलमान चित्रकारांनी शतकानुशतके माणसे आणि जनावरे काढली, आणि त्याच शहरांत तसे न काढणारेही तितक्याच सन्मानाने राहिले. अबरीच्या घोड्याकडे बघताना मला आणखी एक वाटते. हा घोडा जिवंत असल्याचा आव आणत नाही. त्याच्या अंगावर सावली नाही, कातडीऐवजी ढग आहेत, मी कागद आहे असे तो उघड सांगतो. अल्लाहच्या निर्मितीशी बरोबरी करायची नाही, पण तिच्याविषयी विचार तर करायचा आहे, अशा माणसाने काढलेले ते चित्र वाटते. हे माझे वाचन. कुणाला पटेल, कुणाला नाही.

चित्रात घोडा काढून जगभर नाव झालेला आपल्या भागातला दुसरा माणूस म्हणजे मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा. त्यांच्या घोड्यांमागे मोहरमच्या जुलुसातला दुलदुल आहे, असे नेहमी सांगितले जाते. आमच्याकडे मोहरममध्ये सवारी उठते तेव्हा खांदा द्यायला हिंदू घरांतली माणसेही असतात, त्यामुळे दुलदुल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हुसेन यांचा घोडा उसळतो, नाकपुड्या फुललेल्या, आयाळ उडणारी. विजापूरचा घोडा त्याचा उपाशी थोरला भाऊ. दोघांनाही रेघेने उभे केले आहे. हुसेन यांचे रंग काढून टाका, घोडा तरीही धावतो.

आपण हे सगळे इतके उशिरा का बघतो आहोत, याला एक साधे कारण आहे. १६८६ मध्ये विजापूर पडले, पोथ्या आणि मुरक्के पांगले. कुठे दिल्ली, कुठे हैदराबाद, पुढे लिलावांतून लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. मुरुम पुढे निजामाच्या राज्यात गेले ते १९४८ पर्यंत. त्याच हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याच्या आश्रयाने स्टेला क्रॅमरिश यांचे दखनच्या चित्रकलेवरचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. मग १९८३ मध्ये मार्क झेब्रोव्स्की यांचे. २०१५ मध्ये मेट्रोपॉलिटनने दखनच्या सुलतानांवर मोठे प्रदर्शन भरवले. मराठीत मात्र आदिलशाही चित्रकलेवर एखादा परिच्छेद मिळाला तरी नशीब. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असावे की धाराशिव, यावर आपण जितके बोललो त्याच्या शंभराव्या हिश्शाने तरी या कागदांवर बोलायला हवे होते.

बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून आपल्या संग्रहातली हक्कमुक्त चित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. फोनवर घोडा उघडा आणि बोटांनी मोठा करा. आधी अबरी बघू नका, ती डोळे दिपवते. मागच्या पायापासून सुरुवात करा, रेघ वर जाते तिच्यासोबत जा, कण्यावरून मानेपर्यंत. कुठे ती जाड होते, कुठे केसासारखी बारीक, ते बघा. बरगड्यांपाशी थांबा. मग स्वाराकडे वळा आणि तो किती वाळला आहे तेही बघा.